खाट नंबर सात

मला एका जागी बसवत नाही. आजही नाही, तेव्हा तर विचारूच नका. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी हाय. जेवायला बसली तरी एक पाय उंबऱ्याच्या भाईर." अशा मुलीनं घरबसल्या शिकायचा कोर्स घ्यावा ही मोठीच गंमत, पण घेतला खरा.

वडील बोरीच्या शाळेत मास्तर. आमच्याकडे पेपर यायचा, एक दिवस शिळा. त्यात जाहिरात दिसली. दवाखान्यातला वॉर्ड कसा चालवायचा, रजिस्टरं, खाटा, जेवणाच्या याद्या, सगळं टपालानं शिकवतात. पुस्तिका पुण्याहून घरी येणार, उत्तरं लिहून परत पाठवायची, वर्षाअखेर सर्टिफिकेट. त्यावर वॉर्ड क्लार्कची नोकरी मिळू शकते असं खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं. ते बारीक अक्षर मी दहादा वाचलं. तोवर मी एकही वॉर्ड आतून बघितला नव्हता.

घाईला कारण होतं. मानवतच्या एका घरानं मला मागणी घातली होती. सरकीचं दुकान, दुमजली घर, माणसंही वाईट नव्हती. पण त्या घराच्या माजघरात मी दिवसभर बसलेय, असं नुसतं डोळ्यांपुढे आलं तरी मला गुदमरायला व्हायचं. वडिलांनी एक गोष्ट कबूल केली. "कागद हातात पडंस्तवर मी त्यांना थांबवतो. आला तर परभणीला नोकरी कर. न्हाई आला तर गुमान मानवत."

मग काय, मी पेटलेच. पुस्तिकेत लिहिलं होतं की खाटेचा नंबर हीच रुग्णाची ओळख, नावांत घोळ होतो, नंबरात होत नाही. मला ते फार पटलं. सरावासाठी मी घरातल्यांना नंबर दिले. आजोबा एक, वडील दोन, आई तीन, दोघे भाऊ चार आणि पाच. रोज सकाळी वहीत नोंद करायची, कोण उठलं, कोण काय जेवलं. आई गोठ्यातून ओरडायची, "सहा नंबरच्या पेशंटनं आज दूध दिलं न्हाई बरं का बाई, लिवून घे!" सहा नंबर म्हणजे म्हैस. सगळे हसायचे आणि मी चिडून वही आपटायची.

ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. कधी मोर्चा, कधी बंद, कधी रस्त्यातच एसटी अडवलेली. टपाल आलं नाही की मी पोस्टमनवर खेकसायची. "मी काय खिशात घालून हिंडायलोय का तुझी पुस्तकं?" तो म्हणायचा. आसपासच्या गावांत लोकांची घरं जळत होती, आणि मला पडली होती माझ्या पुस्तिकेची. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही, हेही खरं.

शेवटची अट होती कामाच्या अनुभवाची. एखाद्या दवाखान्यात तीस दिवस काम करायचं आणि तिथल्या मोठ्या सिस्टरची सही-शिक्का घेऊन कागद महिनाअखेर पुण्याला पोचवायचा. वडिलांनी ओळख काढून परभणीत बायकांचा एक वॉर्ड मिळवून दिला. बंदमध्ये सहा दिवस गेले, त्यामुळे मुदत अगदी गळ्याशी आली होती. रोज बोरीहून एसटीनं जायचं, चारच्या गाडीनं परत यायचं.

वॉर्डात माझं काम एकच, यादी करायची. कोणाला दूध, कोणाला भाकर, कोणाला उपाशी ठेवायचं, कोणाचं ऑपरेशन. प्रत्येक खाटेच्या पायाशी नंबर, नाव, आजार लिहिलेली कागदाची पाटी टांगलेली असे, तीवरून यादी करायची आणि रजिस्टरात उतरवायचं. वॉर्डातल्या मावशी, म्हणजे तिथली आया, वयानं आईएवढी बाई. तिला नंबर ठाऊकच नव्हते. ती म्हणायची, "दम्याची आजी", "लेकरू गेलेली", "ती रडकी". मी तिला रोज दुरुस्त करायची. "मावशी, चार नंबर म्हणा!" ती पदर तोंडाला लावून हसायची. "व्हय व्हय, चार नंबरची दम्याची आजी."

एकोणतिसाव्या दिवशी चारठाण्याची एक तरणी बाई दाखल झाली. पोटात गोळा होता, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. तिला सात नंबरची खाट मिळाली. मी साडेतीनला यादी करायला घेतली. एसटी चुकू नये म्हणून चेहरे बघत बसले नाही, भराभर पाट्या वाचल्या. खाट चार, दमा, दूधपाव. खाट सात, ऑपरेशन, रात्रीपासून उपाशी. यादी टेबलावर ठेवली आणि पळाले.

तिसाव्या दिवशी सकाळी पोचले तेव्हा माझा कागद सिस्टरच्या टेबलावर होता. सही झालेली, शिक्का राहिलेला! सिस्टर म्हणाल्या, "राउंड झाला की मारते." दुपारच्या आत कागद रजिस्टर पोस्टानं पुण्याला धाडायचा होता. मी दारापासून खिडकीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत होते.

तेवढ्यात मावशी ऑपरेशनचा हिरवा झगा घेऊन आली. "पोरी, सातवर तर आजी हाय. आजीला न्यायचंय का?"

मी वळूनसुद्धा बघितलं नाही. "यादीत सात लिहिलंय ना? मग सात! रोज रोज काय तेच विचारता?"

ती सातकडे वळली. झगा घातला गेला, स्ट्रेचर आलं, दोघांनी सात नंबर उचलली. माझ्या शेजारून स्ट्रेचर गेलं तेव्हा चादरीबाहेर आलेला एक हात दिसला. सुरकुतलेला, हिरव्या गोंदणाचा. दम लागून छाती खालीवर होत होती. मी चारकडे बघितलं. तिथं चारठाण्याची बाई मांडी घालून बसली होती आणि पाव चहात बुडवून खात होती.

"थांबा!" मी इतक्या मोठ्यानं किंचाळले की सगळा वॉर्ड उठून बसला. "अहो, थांबवा ते! ही ती नव्हे!"

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं. मग सगळं उलगडलं. सात नंबरवर आदल्या सकाळी एक बाई वारली होती. शेजारणीनं ते दुपारीच चारठाण्याच्या बाईच्या सासूला सांगितलं. मेल्या बाईच्या खाटेवर सून निजवायची म्हणून सासू रडायलाच लागली. तेव्हा पाथरीकडची दम्याची आजी आपण होऊन उठली. "मी जाते तिथं. माझं काय आता, पिकलं पान." वळकट्या हलल्या, तांबे हलले, माणसं हलली. पाट्या मात्र तिथंच राहिल्या.

"पाट्या का नाही बदलल्या?" सिस्टरनी कपाळाला हात लावून विचारलं.

स्ट्रेचरवरून आजीच बोलली, धापा टाकत. "सरकारी कागद हाय बाई. आमी कसा हात लावावा? काही झालं म्हंजे?"

"आणि रात्रभर उपाशी ठेवलं तर बोलायचं नाही?"

"मला वाटलं, औषीद आसंल."

आतून डॉक्टर आले आणि मावशीवर तुटून पडले. "ह्या आजीला पंधरा दिवस बघतेस ना? डोळे फुटले होते का? हिला गुंगी दिली असती तर उठली असती का ती? आजपासून तुझं काम बंद!" मावशी जमिनीकडे बघत उभी राहिली. माझं नाव तिनं घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी टेबलाकडे बघितलं. माझा कागद तिथंच होता. शिक्क्याची डबी उघडी होती. खोटं कशाला सांगू, मी गप्प राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही, पण राहिले. मानवतचं ते माजघर डोळ्यांपुढून गेलं. मावशी आजीच्या अंगावरचा झगा उतरवून त्याची घडी घालायला लागली, आणि मला ते बघवेना.

"त्यांनी विचारलं होतं," मी म्हणाले. "मीच ओरडले त्यांच्यावर. यादी माझी आहे."

डॉक्टर निघून गेले. सिस्टरनी कागद पुढे ओढला, स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली आणि माझ्या हातात दिला. "मावशी कामावर राहील. तू पुढच्या वर्षी ये."

मी रागानं बाहेर पडले. राग कुणाचा ते विचारू नका. सिस्टरचा, आजीचा, त्या रडणाऱ्या सासूचा, पुस्तिका लिहिणाऱ्याचा, सगळ्यांचा. एसटीत मी तीनदा जागा बदलली. घरी येऊन कागद वडिलांपुढे टाकला, सगळं सांगितलं आणि म्हणाले, "कळवा मानवतला."

वडिलांनी रेघ मारलेली सही बघितली. मग विचारलं, "म्हातारी कशी हाय?"

तिला परत खाटेवर आणलं का, तिच्या पोटात काही गेलं का, मी बघितलंच नव्हतं.

"आधी ते बघून ये," वडील म्हणाले. "मानवतचं मग बघू."

मानवतवाले थांबले नाहीत. वडिलांनीही त्यांचे पाय धरले नाहीत. पुढल्या वर्षी तीस दिवस पुन्हा भरून मी तो कागद आणला आणि जन्मभर वॉर्डातच हिंडले. पण ते सगळं नंतरचं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परभणीला गेले. आईनं म्हातारीसाठी दशम्या बांधून दिल्या होत्या. वॉर्डात शिरले तर चारवर चारठाण्याची बाई नव्हती, आजी नव्हती, सातही रिकामी. गाद्या गुंडाळलेल्या.

मावशी फरशी पुसत होती. "घरी गेली गं आजी. लेक आला होता कालच्या सांजंला. तरणीला दुसऱ्या वॉर्डात हलवलं." मग फडकं पिळत म्हणाली, "जाताना तुलाच हुडकायली व्हती. म्हनली, त्या पोरीच्या कागदावर माझ्यापायी सही न्हाई म्हनं. कुठं हाय तो कागद, आणा, मी अंगठा देते."

दशम्यांचं फडकं माझ्या हातातच राहिलं.

"मावशी, नाव काय हो त्यांचं?"

"मला काय ठाव? आमी आजीच म्हणायचो. तूच लिवलं आसंल की."

मी रजिस्टर उघडलं. चार नंबरपुढे, माझ्याच अक्षरात, पंधरा दिवस रोज तिचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.