पॅसेजकडचं दार

कपाटात माणसाने शिरायचं ही कल्पनाच आमच्या ह्यांना पटत नव्हती. "कपाट घरात असतं, माणूस कपाटात नसतो," असं ते येईल-जाईल त्याला ऐकवायचे. मी ऐकून घ्यायची. म्हटलं, बोला काय बोलायचं ते, वॉक-इन वॉर्डरोब होणार म्हणजे होणार. पुण्याहून लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हापासून माझे कपडे एक लोखंडी कपाट, एक पत्र्याची ट्रंक आणि दिवाणाचं पोट अशा तीन ठिकाणी विखुरलेले. एक साडी काढायची तर आधी गादी उचला, मग फळी उचला, मग कंबर धरून बसा. या वयात तरी सगळ्या साड्या एका नजरेत दिसाव्यात, एवढंच माझं म्हणणं होतं.

जागा आयती होती. मुलीचं लग्न होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि मल्लेश्वरमच्या आमच्या फ्लॅटमधली तिची खोली नुसती पडून होती. मी तिथे वाळलेले कपडे टाकायची, फराळाचे मोठे डबे ठेवायची. आमची बेडरूम आणि तिची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. त्या भिंतीत दार पाडायचं, पॅसेजकडचं तिचं दार विटा लावून कायमचं बंद करायचं, तिचा पलंग कामाला येणाऱ्या अक्काला द्यायचा आणि आत सगळीकडे जमिनीपासून छतापर्यंत कपाटं करायची, असा बेत ठरला.

बेत ठरला आणि माझ्या जिवाला घोर लागला. माझा स्वभावच तसा. भिंत फोडताना वरच्यांच्या घराला तडा गेला तर? बाथरूमकडून ओल आली आणि रेशमी साड्यांना बुरशी लागली तर? वीज गेली, दार अडकलं आणि मी आत राहिले तर? हे म्हणायचे, "अगं, मन चिंती ते वैरी न चिंती. अजून एक फळी आली नाही आणि तू आत कोंडून घेऊन बसलीस." मी म्हणायची, तुम्हाला काय, तुमचे सहा शर्ट खुर्चीच्या पाठीवर मावतात.

मुलीला मी आधी फोनवर विचारलं होतं. ती आणि जावई मारतहळ्ळीला राहतात, दोघंही आयटीत. म्हटलं, "तुझी खोली घेऊ का गं वॉर्डरोबला?" मला दोनदा हॅलो-हॅलो करावं लागलं. मला वाटलं, रेंज गेली. मग म्हणाली, "घे की. मी कुठे तिथे राहायला येणारे." आणि त्यानंतर दर फोनला तिचे तेच प्रश्न. काम कधी सुरू होणार? भिंत कधी फोडणार? पलंग अक्काने नेला का? मी ह्यांना म्हटलं, बघा, तुमच्यापेक्षा तिला जास्त हौस आहे. ह्यांनी पेपरचं पान उलटलं.

डिझाइन करायला एक तरुण मुलगी यायची. इथलीच, कन्नड. आमचं बोलणं निम्मं कन्नड, निम्मं हिंदी. पहिल्याच दिवशी "आंटी, स्वल्प इकडे या" म्हणत तिने मला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि हात सरळ वर करायला लावला. हँगर अडकवायचा रॉड हात सहज पोचेल अशा उंचीवर लागतो, नाहीतर रोज स्टूल शोधावं लागतं, असं तिचं म्हणणं. टेप बघून म्हणाली, "रॉड बराच खाली घ्यावा लागेल." मी म्हटलं, घे बाई, देवाने दिली तेवढीच उंची आहे. आमची मुलगी मात्र बापावर गेली आहे. माळ्यावरचा डबा ती टाचा न उचलता काढते.

साड्यांवरून मात्र माझी आणि डिझाइनवालीची जुंपली. तिला सगळ्या साड्या हँगरला हव्या होत्या. मी स्पष्ट सांगितलं, रेशमी साडी टांगायची नसते, घडीत ठेवायची आणि मधूनमधून घडी बदलायची, नाहीतर घडीवर विरते. "सरी, आंटी," म्हणजे बरं, असं म्हणाली आणि मुकाट्याने कप्पे वाढवले. शेवटी तिने बजावलं की फळ्या होसकोट्याच्या कारखान्यात कापल्या जातात, रविवारी फायनल करा, सोमवारी सकाळी ड्रॉइंग तिकडे जाईल, आणि एकदा कटिंग झालं की बदल नाही.

तशी ही तारीख आधीच यायची, पण ह्यांनी तिला परस्पर फोन करून काम पुढे ढकललं होतं. एकदा म्हणे गीझरचा माणूस येणार आहे. दुसऱ्यांदा म्हणे त्या दिवशी अमावास्या आहे. पितृपक्षात स्कूटर घरी आणणारा हा माणूस, याला कसली अमावास्या? मला राग आला होता, पण म्हटलं, भिंत फुटणार म्हणून जीव कासावीस होत असेल. पुरुषांना सवयीची भिंत हलवलेली खपत नाही.

शुक्रवारी दुपारी मी कपडे काढायला घेतले. लांब टांगायचे, आखूड टांगायचे आणि घडीचे असे तीन ढीग करून ठेवा, त्यावरून कप्प्यांची मापं नक्की करू, असं डिझाइनवाल्या मुलीने सांगितलं होतं. माझे ढीग झाले. ह्यांचा ढीग झाला, त्याला ढीग म्हणणं जिवावर येत होतं. राहिलं मुलीच्या खोलीतलं तिचं जुनं कपाट. लग्नानंतर तिने चांगलं ते सगळं नेलं होतं आणि कॉलेजातले चार कुडते मागे ठेवले होते. "ते मी आवरीन, तू हात लावू नकोस," असं तिने मला सांगून ठेवलं होतं. पण मला दम कुठला निघायला. चार कुडते, त्यात आवरायचं काय? मी दार उघडलं आणि कपडे अंगावर आले.

कपाट गच्च भरलेलं होतं.

आता हे कपडे तिथे आले कसे, ते मला माहीत होतं. आमच्या बिल्डिंगच्या खाली झाडाच्या सावलीत एक इस्त्रीवाले अण्णा गाडी लावतात. मुलगी एक रविवार आड यायची ती मोठी बॅग भरून कपडे घेऊन यायची. "आई, तिकडचा इस्त्रीवाला कपडे जाळतो, तुझ्या अण्णांकडे दे." आल्या आल्या ती खाली कपडे द्यायची, संध्याकाळी आणून स्वतःच कपाटात ठेवायची आणि रिकामी बॅग घेऊन जायची. पुढच्या वेळी नेते म्हणायची, आणि मी कधी कपाट उघडून मोजलं नव्हतं. मी तर मैत्रिणींना कौतुकाने सांगायची, लग्न झालं तरी आमच्या बाईसाहेबांना इस्त्री आईकडचीच लागते. जीभ झडली नाही माझी तेव्हा.

मी एकेक कपडा पलंगावर काढला. मी घेतलेली पैठणी. आजोळहून आलेला शालू. ह्यांनी पहिल्या दिवाळीला दिलेला ड्रेस. आत्याने केलेली नारायणपेठी. ऑफिसचे कपडे, थंडीचा कोट. आणि अगदी खाली, मलमलच्या कापडात बांधलेला, रुखवतात मांडलेला मी विणलेला क्रोशाचा टेबलक्लॉथ. कोणती साडी कुणाकडून आली हे बाईमाणसाला विचारावं लागत नाही. मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. त्या ढिगात सासरकडची एकसुद्धा साडी नव्हती. आम्ही दिलेलं तेवढं सगळं परत आलं होतं आणि त्यांनी दिलेलं सगळं तिकडेच होतं.

मी तशीच पलंगावर बसले. कपडे इस्त्रीला येत नव्हतेच. पोरगी बॅगा भरभरून घर सोडत होती आणि मी तिच्या खोलीचं दार विटांनी बुजवायला निघाले होते.

हे चहाला आले तेव्हा मी त्यांना ढीग दाखवला. एरवी हे म्हणाले असते, तिकडे जागा नसेल. पण मारतहळ्ळीच्या त्या घरात भिंत दिसत नाही इतकी कपाटं आहेत, हे त्यांनीही पाहिलं होतं. ते पलंगाच्या कडेला बसले. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मागच्या वेळी तिला रिक्षाने सोडायला गेलो ना, तर त्यांच्या गेटशी पोचलो तरी ती उतरेना. म्हणाली, बाबा, अजून एक चक्कर मारू या का. आम्ही रिंग रोडवरून उगीच फिरून आलो. परत गेटशी आलो तेव्हा उतरली, हसून टाटा केला. मी काही विचारलं नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"काय सांगू? तू काळजी करतेस."

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. आधी ह्यांचा, गीझर आणि अमावास्या पुढे करून गप्प बसले म्हणून. मग जावयाचा, काय केलं ते माहीत नसतानाच. आणि सगळ्यात जास्त मुलीचा. आईला सांगवत नाही? पलंग नेला का, भिंत फोडली का, असं विचारत राहायचं, ताकाला जाऊन भांडं लपवायचं. पण रागाच्या खाली भीतीच होती. काही मारहाण तर नसेल? दुसरं कुणी तर नसेल? की मीच राईचा पर्वत करते आहे आणि चार साड्यांवरून पोरीचा संसार मोडीत काढते आहे?

शनिवारचा दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. फोन तीनदा हातात घेतला आणि ठेवला. विचारायचं तरी काय? तू नवरा सोडतेस का, असं विचारायचं? ती नाही म्हणाली असती आणि पुढच्या रविवारपासून बॅगही आणली नसती. आणि न विचारावं तर सोमवारी ड्रॉइंग होसकोट्याला जाणार. मी सगळे कपडे होते तसे कपाटात लावून ठेवले, शालू खाली, कोट वर, तिने ठेवले होते तस्सेच.

रविवारी सकाळी मुलगी आली. एकटीच, जावई कॉलवर. खांद्यावर फुगलेली बॅग. "इस्त्रीचे आहेत," म्हणत तिने ती पॅसेजमध्ये तिच्या खोलीच्या दाराशी ठेवली. मी पोहे दिले. मागोमाग डिझाइनवाली मुलगी आली आणि तिने डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर ती खोली अगदी खरीखुरी दिसत होती. पांढरी कपाटं, आत दिवे, समोर उंच आरसा. मला महिनाभर ज्याची स्वप्नं पडत होती तेच ते, आणि मला तिकडे बघवेना.

मुलीने वाकून पाहिलं. पॅसेजच्या बाजूला बोट ठेवून विचारलं, "इथलं दार?"

"तिथे आरसा येतो," डिझाइनवाली म्हणाली. "दार बंद. अंकल-आंटींच्या बेडरूममधूनच आत यायचं."

"छान झालंय," मुलगी म्हणाली. ती उठली, पॅसेजमध्ये जाऊन बॅग उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग मला म्हणाली, "आई, माझे जुने कपडे आहेत आत. नेते मी. फक्त थोडे दिवस दे मला."

मी डिझाइनवालीला म्हटलं, "हे दार राहू दे."

तिला कळेना. मी म्हटलं, दार राहील, पलंग राहील, मधली भिंत फोडायची नाही. कपाट फक्त एका भिंतीला कर. ती म्हणाली, "आंटी, मग हे वॉक-इन होत नाही. साधं कपाटच होतं." मी म्हटलं, साधंच कर. हे एरवी टोमणा मारल्याशिवाय राहिले नसते. त्या दिवशी ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

ती बिचारी लॅपटॉपवर एकेक भिंत पुसायला लागली. "रॉड मग तुमच्या मापाचाच ना?"

"नाही," मी म्हटलं. "हिचं माप घे."

मी मुलीला दंडाला धरून तिच्या खोलीत नेलं, भिंतीशी उभं केलं आणि हात वर कर म्हटलं. तिने केला. डिझाइनवाली टेप घेऊन आली. तिला मराठी येत नव्हतं, ते बरंच झालं.

"आई, तुला कधी कळलं?"

"परवा. इस्त्रीवाल्या अण्णांना माझ्याआधी कळलं असेल."

"तो वाईट नाहीये गं," ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "मारत नाही, भांडत नाही. बोलतच नाही. महिनोन्महिने. मी घरात असले काय नि नसले काय. मला वाटलं, तुम्ही म्हणाल यात काय एवढं." तिचा आवाज फुटला. वर केलेला हात कोपरात वाकला. डिझाइनवाली टेप धरून एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. माझ्याही डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं.

"हात खाली घेऊ नकोस," मी म्हटलं. "माप चुकेल."