भास्करभाऊ आणि फ्रेममधली बकरी

भास्करभाऊंच्या सिनेमातला सगळ्यात मोठा शॉट एका बकरीने खाल्ला.

भाऊ गेले त्याला आज वर्ष झालं. त्या बकरीवरून आमचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भास्करभाऊ आमच्या सावली गावाकडचे डायरेक्टर, मासेमाराच्या घरातले. मी त्यांचा कॅमेरामन. लग्नं शूट करत शिकलो, कोणाच्या हाताखाली नाही. तरी माझ्या फ्रेममध्ये वायरचं टोकही चुकून दिसणार नाही.

सीन तलावावरचा होता. नट कोणी नाही, गावचेच लोक. मासेही खरे.

ताडपत्रीवर माशांचे सारखे वाटे घालतात. एक जण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस न पाहता नाव घेतो.
म्हणून भांडण होत नाही.

त्या दिवशी नामदेवभाऊ पाठमोरे होते. म्हणाले, "बुधाबाईचा."

बुधाबाईच्या घरातलं पाण्यात उतरणारं कोणी उरलेलं नाही. तरी तिचा वाटा निघतो. तिने मान वर केली, आणि नेमकी तेव्हाच मधे बकरी!

मी ओरडलो, "कट! वन मोर!"

"वन मोर कायचा?" नामदेवभाऊ म्हणाले. "नाव घेतलं न. आता तिचा वाटा वापस घेता का?"

"खोटं खोटं घ्या हो, शूटिंगसाठी."

"वाट्यावर खोटं नाव घेत नाई."

भास्करभाऊ हसून राह्यले होते. "चल बे, पॅकअप."

"भाऊ, बाईचं तोंडच नाई आलं!"

"तिच्या तोंडावर जे आलं ते तुह्या कॅमेऱ्यासाठी नाई आलं. अन् बकरी आली म्हणून गेलं बी नाई."

ते नेहमी म्हणत, माणूस चांगला की वाईट हे सिनेमावाल्याने ठरवू नये. नामदेवसारखं पाठ करून उभं राहावं.

ऐकायला छान. पण कॅमेरामनने पाठ करून कसं चालेल? हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

शॉट तसाच सिनेमात गेला. दर स्क्रीनिंगला लोक बकरीला हसायचे. शेवटी पाटी यायची: कॅमेरा. खाली माझं नाव.

म्हणून आज सकाळी त्याच तलावावर गेलो. भाऊंच्या नावाने तो सीन एकदा साफ घ्यायचाच होता. ट्रायपॉड लावला. बकऱ्या आधीच हाकलल्या.

शेवटचा वाटा राहिला. "हा कोनाचा?"

नामदेवभाऊ, पाठमोरे: "भास्करचा."

भाऊंचा वाटा अजून निघतो हे मला माहीत नव्हतं.

कोणी उठेना. बुधाबाई माझ्यावरच खेकसली, "पाहून काय राह्यला, कॅमेरावाल्या? वहिनीचे गुडघे दुखते. उचल न, नेऊन दे!"

गेलो. उचलला. भाऊंच्या घरी वहिनीकडे दिला.

मग रेकॉर्डिंग पाहिलं.

एक्स्पोजर बरोबर. फोकस बरोबर.
आणि भाऊंच्या वाट्यासमोर माझी पाठ. फ्रेमभर.

वन मोर म्हणालो नाही.

भाऊ, तुमचा वाटा घरी पोचला.
मनापासून नमस्कार.