पडद्यावरच्या डॉक्टरला पाय कसा दाखवायचा

आता म्हणे दवाखाना तळहातावर येणार. आमच्या गावच्या उपकेंद्रात टॅब आला तेव्हा पाहुण्यांनी भाषणच ठोकलं होतं. रांग नको, गर्दी नको, बटण दाबा, डॉक्टर हजर. येऊ दे की बापडा. पण माझ्या वडलांचं दुखणं तळपायात होतं, त्याचं काय करायचं?

मला रोह्याला दिली, माहेर कासूजवळचं. लावणी आटपल्यावर राहायला गेले तर उंबऱ्यातच वास आला. चिखलात बाबांच्या पायात काहीतरी घुसलं होतं आणि करंगळीखाली जखम चिघळली होती. वर हळद, तंबाखू आणि जुन्या लुंगीची चिंधी. साखर जुनी, त्यामुळे पाय बधीर, आणि हा माणूस म्हणतो, दुखत नाय तर बोंब कशाला मारू? पेणच्या दवाखान्यात चल म्हटलं की पाऊस, भात, म्हैस, सगळी कारणं तयार. मी भांडले, रडले, उपाशी झोपले. म्हातारा ढिम्म.

शेवटी उपकेंद्रातल्या सिस्टरने सुचवलं की टॅबवरच्या डॉक्टरला दाखवा, इथल्या इथे होईल. तर बाबा एका पायावर तयार. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

सकाळी उठून गुळगुळीत दाढी केली, लग्नाकार्याचा शर्ट काढला, टोपी घातली. आमच्याकडे दवाखान्यात एकट्याने जायची पद्धत नाही, म्हणून शेजारचे काका-काकू निघाले. पडद्यावर आपणही दिसू, ही आशा होतीच.

पडद्यावर डॉक्टर आली. चष्मेवाली, अगदी पोरसवदा. काय होतंय म्हणाली तर बाबा हात जोडून सांगतात, काय नाय बाय, सर्व बरा हाय, साखरेच्या गोळ्या तेवढ्या द्या. तिला बिचारीला दिसत होती दाढी आणि टोपी. चिंधीतला पाय टेबलाखाली. अस्सं! म्हणून एवढा उत्साह होता तर.

"पाय दाखव," मी म्हटलं.

बाबांचा चेहरा उतरला. "येडी झालीस काय गो? लक्ष्मीसारखी पोर समोर बसलीय. तिच्या तोंडापुढं पाय धरू?"

काका-काकूंनी लगेच माना डोलावल्या. सगळ्या गावाला संस्कार, एक मीच बेशरम. तिकडे डॉक्टर विचारतेय, कुठला पाय, काय झालंय, आणि तेवढ्यात नेट अडकलं. बाई तोंड उघडं ठेवून थिजल्या.

माझं डोकंच फिरलं. ती पुन्हा हलायला लागली तसा मी टॅब उचलला आणि सरळ टेबलाखाली शिरले. पाय तिच्यापुढे जात नाही ना, मग ती जाईल पायापुढे. चिंधी ओढून काढली. सिस्टर सरकारी टॅबच्या काळजीने ओरडतेय, बाबा पाय मागे घेतायत आणि वाकून वाकून पडद्याची माफी मागतायत.

डॉक्टरने चष्मा सावरून जखम नीट पाहिली. मग म्हणाली, "आजोबा, आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात जा. उद्यावर टाकलंत तर पाय जाईल."

बाबा मुकाट उठले. पोटच्या पोरीने जीव तोडून सांगितलं ते ऐकलं नाही आणि काचेतली पोर एकदा बोलली तर निघाले. मला इतका राग आला, आणि इतकं हायसं वाटलं, की मी टेबलाखालीच रडत बसले. करंगळी गेली. पाय वाचला.

परवा तपासणीला पुन्हा टॅबपुढे बसलो. या खेपेला दुसरे डॉक्टर होते, पिकल्या केसांचे. त्यांनी नमस्कार म्हणायच्या आत बाबांनी पडद्याला हात लावला, तो कपाळाला टेकवला, आणि चार बोटांचा पाय दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवला.

"पयला ह्यो बघा, सायब," ते म्हणाले. "माझ्या तोंडावर जाऊ नका."