पॅनेलची पाठ

सबनीसकाका पहिल्यांदा आमच्या उपकेंद्रात आले ते पायाची जखम बांधून घ्यायला, आणि बाकावर टेकायच्या आधीच त्यांनी माझ्या फ्रिजच्या मागे हात घातला. माणूस अनोळखी, वय साठीच्या पुढचं, आणि सरळ सरकारी फ्रिजच्या मागे हात! मी खेकसलेच. तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तोंड सगळेच बघतात, सिस्टर. पाठ कोण बघतो?" ही त्यांची खोडच होती. रिक्षात बसायच्या आधी इंजिनाच्या झाकणावर उलटा पंजा टेकवायचे. कुणाकडे चहाला गेले की टीव्हीची पाठ चाचपायचे. उभा जन्म अंबरनाथच्या एका कारखान्यात भट्ट्यांपाशी गेलेला. निवृत्त होऊन खरवईला घर बांधलं, तरी डोकं तापलेलंच राहिलं. मीही तशीच तिरसट, म्हणून आमचं जमलं.

चामटोलीच्या पलीकडे, शेतांच्या कडेला आमचं उपकेंद्र. मी तिथली नर्स. वीज असून नसल्यासारखी, म्हणून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी आम्हाला उन्हावर चालणारा फ्रिज मिळाला, लसी ठेवायला. छपरावर सोलर पॅनेलं, आत बॅटरी. नारळ फुटला, भाषणं झाली. पॅनेलं पत्र्याला अगदी चिकटवून ठोकली होती, म्हणे फोटोत नीटनेटकी दिसतात. थंडीत फ्रिज छान चालला. चैत्र लागला आणि बॅटरी भरेनाशी झाली. बाहेर ऊन रणरणतंय आणि आत लसी कोमट! वर कळवलं तर उलट मलाच सुनावलं. ऊन वाढलं की वीज वाढणारच, बाई, तुम्हीच दार सारखं उघडत असाल. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. लसी परत पाठवल्या आणि बसले हात चोळत.

जखम बांधून झाली तसे काका, माझं एक न ऐकता, भर दुपारी शिडी लावून छपरावर चढले. पॅनेलखाली बोटं सारायला गेले आणि भाजलेली बोटं झटकत, शिव्या घालत उतरले. मग ओट्यावर बसून मला समजावलं. पॅनेलला ऊन हवं, पण ताप नको. वरून सूर्य, खालून तापलेला पत्रा, मध्ये वारा शिरायला जागा नाही. तापलं की पॅनेलचा जोर उतरतो, आणि तेवढ्या जोरावर बॅटरी भरत नाही. पॅनेलं वीतभर उचलायची, खालच्या पत्र्याला चुना फासायचा, झालं. "जे तापतं त्याला श्वास घ्यायला जागा ठेवावी," ते म्हणायचे. "मशीन असो की माणूस." उल्हासनगरच्या भंगारवाल्यांकडून लोखंडी अँगल आणतो म्हणाले, आणि जाताना शेजारच्या धर्मामामांना बजावलं, तोवर ही पॅनेलं थंड ठेवा.

मी ट्रेनिंगला ठाण्याला गेले होते. परत आले त्याच सकाळी काका अँगल घेऊन हजर, आणि बघतो तर छपरावर पॅनेलं दिसेचनात! मामांनी, गावात उन्हाळ्यात पत्र्यावर घालतात तसा, पॅनेलांवर पेंढा अंथरला होता, वर ओली गोणपाटं. रोज काखेत नात, सुमी, आणि दुसऱ्या हातात तांब्या घेऊन मामा पाणी मारत होते. फ्रिज ठार बंद. काका असे भडकले की सुमी भोकाड पसरून रडायला लागली. मामा तिला थोपटत म्हणाले, "तुमीच बोललाव ना, थंड ठेवा. मंग ठेवला." काकांचा आवाज एकदम बसला. म्हणाले, "चूक माझी. ऊन अडवायचं नाही, हे मी सांगितलंच नाही." मग दोघांनी मिळून चुना फासला, पॅनेलं अँगलवर चढवली. फ्रिज सुरू झाला, लसी परत आल्या. सुमी पॅनेलखालच्या फटीकडे बोट दाखवून हसायची.

मग आरोग्य खात्याचे साहेब आले. त्यांचं नाव घेत नाही, तोंड कशाला विटाळायचं? जीपमधून उतरले, वर बघितलं आणि विचारलं, सरकारी मालमत्तेशी हा खेळ कुणी केला? मी फ्रिजमधला थर्मामीटर दाखवला. त्यांनी तो बघितलासुद्धा नाही, नकाशात असं नाही एवढंच म्हणाले. काकांनी शिडी आणून त्यांच्यासमोर टेकवली. "साहेब, दुसरं काही मागत नाही. एकदा पाठीला हात लावून बघा." साहेबांनी खिशातला हात बाहेर काढला नाही. पुढच्या आठवड्यात माणसं आली, पॅनेलं पुन्हा पत्र्याला ठोकून गेली. मला मेमो मिळाला.

ऐन वैशाखात फ्रिज बसला. लसीकरणाच्या दिवशी पाड्यापाड्यांवरून बाया पोरं घेऊन आल्या आणि मी त्यांना रिकाम्या हाती परत धाडलं, कारण लसी मीच फेकून दिल्या होत्या. सुमी तेव्हा नुकती नऊ महिन्यांची झाली होती, गोवराच्या लसीला अगदी बरोबर. तिची आई दोनदा आली, दोनदा गेली. पावसाच्या तोंडावर गोवर आला. सुमीला नुसता गोवर नव्हे, पाठोपाठ न्युमोनिया झाला. उल्हासनगरच्या इस्पितळात मामांच्या मांडीवर ती गेली. तापाने फणफणलेल्या त्या एवढ्याशा पाठीवर मी हात ठेवला होता. तो चटका अजून गेलेला नाही.

काका दहाव्याला आले. तेराव्यानंतर अँगल घेऊन परत आले, भर दिवसा, सगळ्या गावासमोर. मामा स्वतः शिडी धरून उभे राहिले. पॅनेलं पुन्हा वर गेली, आणि या वेळी काकांनी प्रत्येक बोल्टचं टोक हातोड्याने ठेचून ठेचून चपटं केलं, पान्याला धरायला काही ठेवलंच नाही. घाम आणि डोळ्यांतलं पाणी एकच होत होतं. "आता काढायचं तर छप्पर काढा म्हणावं," एवढंच बोलले. कुणी काढायला आलं नाही. त्यानंतर एकाही वैशाखात फ्रिज बसला नाही.

पुढे काही वर्षांनी एका मे महिन्यात काका गेले. आदल्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेले होते. आवाज खोल गेलेला, पण पहिला प्रश्न तोच: "सिस्टर, पाठ बघता ना?" म्हटलं, रोज. मान हलवली आणि डोळे मिटले.

त्यांच्या मागे दोन वर्षांनी वरून सूचना आली. सोलर पॅनेलं छतापासून उंच बसवावीत, खालून हवा खेळती राहावी. आलं वरातीमागून घोडं! सूचना समजावून सांगायला तेच साहेब आले होते, वरच्या हुद्द्यावर. माझ्याच छपराकडे बोट दाखवून म्हणाले, वा, तुमच्याकडे आधीपासूनच आहे की! धर्मामामा तेव्हा वर चढून चुना फासत होते. दर चैत्रात फासायचे.

लोक म्हणतात, बाई, इतकी वर्षं झाली, आता सोडा राग. का सोडू? सुमी जगली असती तर आज तिची पोरं माझ्याकडे टोचून घ्यायला आली असती.