साबण न लावलेलं फडकं

चक्क्याच्या फडक्याला साबण लावायचा नाही, हे शैलाला सासूनं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. वास लागतो, श्रीखंड नासतं. साताऱ्यात ते फडकं नुसत्या पाण्यात खळबळून उन्हात टाकलं की तासाभरात पापडासारखं वाळायचं. इथे परदेशात, जुरोंग ईस्टच्या दमट हवेत, नवव्या मजल्यावर कसलं वाळतंय! खिडकीबाहेरच्या बांबूवर दिवसभर टांगलं तरी ओलं ते ओलंच, वर कुबट. मग शैलानं अक्कल लढवली. फडकं पिळून डब्यात घालायचं, डबा फ्रीजमध्ये. थंडीत काय बिघडतंय? बारा वर्षं तिनं असाच चक्का बांधला आणि घरोघरी श्रीखंड पोचवलं.

मग तिच्या गिऱ्हाइकांतल्या रुचिराचं बाळ पोटातच गेलं. सातवा महिना. आधी नुसता ताप, अंगदुखी. रक्तात लिस्टेरिया सापडला. हा जंतू भलता चिवट. बाकीचे थंडीत गारठतात, हा फ्रीजमध्येही वाढतो. धडधाकट माणसाला सहसा फार त्रास देत नाही, गर्भारणीच्या पोटातलं मात्र गाठतो. खाल्ल्यापासून आजार कळेपर्यंत कधी कधी दोन महिने जातात, म्हणून सरकारी माणसांनी रुचिराकडून दोन महिन्यांच्या खाण्याची यादी घेतली. यादीत डोहाळजेवणाचं श्रीखंड होतं. शैलाचं.

रुचिराच्या सासूबाई, सुमित्राबाई, मात्र पहिल्या दिवसापासून एकच धरून बसल्या होत्या: हॉकर सेंटरमधली, बाहेरच्या खाण्याच्या गाड्यांवरची पपई. "नको म्हणत होते मी. ऐकतंय कोण?" येईल त्याला हेच, सुनेच्या देखत.

इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर नीतानं लिहिलं, "शैलाताई, पाडव्याची ऑर्डर कॅन्सल समजा हं. राग मानू नका." राग येणार हे पक्कं ठाऊक असतं, तेव्हाच माणूस असं लिहितो.

तपासणीची बाई येणार म्हणून शैलानं आदल्या दिवशी फ्रीज घासून लख्ख केला. फडक्याचा डबा बरा दिसत नाही म्हणून ओट्याखाली भांड्यांमागे ढकलला. बाईनं श्रीखंडाचे डबे घेतले, फ्रीजच्या कोपऱ्यांतून कापसाचे बोळे फिरवले आणि विचारलं, दही कशात बांधता? शैलानं कपाटातलं इस्त्रीचं फडकं काढून दिलं. लबाडी करायची म्हणून नव्हे. परक्यापुढे घरातलं चांगलं तेच ठेवायचं, हात आपसूक तिकडे गेला.

निकाल आला: काही नाही.

"मला माहीतच होतं!" नीता. "दोन किलो आम्रखंड, ताई." त्याखाली क्षिप्राचा मेसेज, तिला पाचवा लागलेला: "मला रोज तुमचं श्रीखंडच आठवतंय हो, पाठवा ना!"

चक्का बांधायला शैलानं ओट्याखालून परत फ्रीजमध्ये ठेवलेला डबा उघडला. फडकं बोटांना बुळबुळीत लागलं. बारा वर्षं लागत असेल. आजच कळलं.

नवरा, विश्वास, जहाजावरचा इंजिनिअर, चार महिन्यांनी घरी आला होता. तिचा चेहरा बघून उठला. तिनं सगळं सांगितलं. त्यानं स्वयंपाकघरातल्या, कचरा थेट खाली सोडायच्या चूटचं झाकण उघडून धरलं.

"टाक. सुटलीयेस तू."

"आणि यातच असला तर?"

"तर काय, बाळ परत येणारे?"

"नाही. पण रुचिराला कळेल तरी."

"कळेल की! जुरोंगभर नाव होईल तुझं!"

"इंजिन गळायला लागलं की तुम्ही वरून रंग मारता का हो?"

विश्वासनं झाकण सोडलं. ते आपटलं.

तपासणीच्या बाईला फोन तिनंच केला. बाईनं येऊन फडकं पिशवीत सील केलं. पंधरा दिवसांनी कळलं: जंतू फडक्यात होता. रुचिराच्या रक्तातला आणि हा, दोघांची जनुकं अक्षर न् अक्षर ताडून पाहिली होती. "जवळजवळ काहीच फरक नाही," बाई म्हणाली. "भावंडं म्हणा."



त्याच संध्याकाळी शैला रुचिराच्या दारी गेली. लोखंडी जाळी रुचिरानं उघडली नाही. शैलानं उभ्या उभ्या सांगितलं: फडकं, डबा, आधी दाखवलं ते दुसरं. माफी मागायला तोंड उघडलं, तर रुचिरानंच विचारलं,

"म्हणजे पपई नव्हती?"

"नाही गं. माझं फडकं."

रुचिरा जाळी घट्ट धरून वळली आणि आतल्या खोलीकडे ओरडली, "आई, पपई नव्हती! ऐकलंत? पपई नव्हती!"



मग तिनं शैलाकडे एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं.