न हललेला काटा

माझ्या बाबांना, म्हणजे बबनरावांना, आपल्या जुन्या ट्रॅक्टरचा भारी अभिमान. ट्रॅक्टर आजोबांनी घेतलेला. रंग उडाला, सीटमधला स्पंज उंदरांनी नेला, तरी बाबा आल्यागेल्याला हाताला धरून इंजिनाची गरमी दाखवणाऱ्या मीटरपाशी न्यायचे. "पाह्य, कितीबी वापर, काटा थंड्यावरून हलत नाई." दसऱ्याला आई त्या काचेवर कुंकवाचं बोट लावायची, तेव्हा शेजाऱ्यांना पुन्हा तेच ऐकावं लागायचं.

काटा हलणार कसा? काट्याला गरमी कळवणारा सेन्सर इंजिनात नव्हताच. एका पेरणीत त्याच्या बाजूने पाणी गळायला लागलं, तेव्हा बाबांनीच तो काढून भोकात बोल्ट आवळला, वायर चिकटपट्टीने गुंडाळून आत कोंबली आणि म्हणाले, "हंगाम होऊ दे, मंग पाहू." हंगाम झाला, पाहिलं कोणी नाही. पुढे स्वतःचीच फुशारकी त्यांना खरी वाटायला लागली.

यंदा सोयाबीनच्या दिवसांत आमचा ट्रॅक्टर तांड्यावरचा प्रेमसिंग चालवत होता. चांगला ड्रायव्हर, कामात तोंड न वाजवणारा. शेलूबाजारच्या हरीओमने त्याला दिवाळीनंतर आपल्या ट्रॅक्टरवर कायम ठेवायचं कबूल केलं होतं. म्हणजे यंदा त्याला आणि त्याच्या बायकोला, हेमलाला, ऊसतोडीला जावं लागणार नव्हतं.

बाजाराच्या दिवशी पोती नेताना रेडिएटरचा पाइप फुटला, पाणी वाहून गेलं आणि शेलूबाजारच्या ऐन चौकात इंजिन जाम झालं. बाबा धावतच आले.

"डोये फुटले होते का तुये? इंजिन जायलं माह्यं!"

"भाऊ, मी काट्याकडंच पाहून राह्यलो होतो. थो हललाच नाई."

"मंग काटा खोटा बोलते काय?"

लोक हसले. हरीओम चहाच्या टपरीवर उभा होता. संध्याकाळी त्याने प्रेमसिंगला निरोप पाठवला, दुसरीकडे काम बघ.

भिवाजी मिस्त्रीने इंजिन उघडलं, बोल्ट काढून बाबांच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "सेन्सर कुठी हाय?" बाबांनी बोल्ट मुठीत झाकला. मी शेजारीच होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नव्या सेन्सरचे आटे बसेनात, शेवटी अकोल्याच्या भंगारातून जुना मिळाला. इंजिन बांधून झालं, भिवाजीने तांब्याचा वायसर घालून सेन्सर आवळला, पाणी भरलं, ट्रॅक्टर चालू केला. काटा हळूहळू वर चढला. बाबांनी तोंड फिरवलं.

मी त्यांना तशीच तांड्यावर घेऊन गेले. हेमला पोत्यात भांडी भरत होती. बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "चूक माही होती, प्रेमसिंग. सेन्सर म्याच काढला होता."

प्रेमसिंगने हेमलाच्या हातातलं पोतं घेऊन त्याचं तोंड बांधलं. मग म्हणाला, "शिव्या चौकात देल्ल्या, भाऊ. चूक माह्या घरात येऊन सांगता काय? आताच्या आता चला, हरीओमच्या दारात सांगा. आमची ऊसतोडीची गाडी निघाची हाय."

बाबांनी उपरण्याने मान पुसली. "बजाराच्या दिवशी सांगतो. सगळ्यायच्या पुढं."

मी म्हटलं, "बाबा, आताच चला." त्यांनी ट्रॅक्टर घराकडे वळवला. माणूस धीर गोळा करतोय की वेळ काढतोय, हे लेकीला कळतं. मला त्यांची लाज वाटली, आणि राग त्याहून जास्त आला.

बाजाराच्या दिवशी मात्र ते बोलले. त्याच चौकात, मोठ्याने, काही न लपवता. बोल्टचंसुद्धा सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही. हरीओमने हातातला गिलास खाली ठेवला.

"काका, हे आधी सांगतलं असतं तं म्या त्यालेच ठेवलं असतं. काल दुसरा ड्रायव्हर लावला."

प्रेमसिंग आणि हेमलाला घेऊन ऊसतोडीची गाडीही निघून गेली होती.

"त्याले फोन लाव," बाबा मला म्हणाले. मी लावून त्यांच्या हातात दिला. फोन हेमलाने उचलला. "कोन? कोन बोलते?" तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. ती पुन्हा पुन्हा विचारत होती, आणि फोन कानाला लावून उभ्या असलेल्या बाबांना आपलं नाव सांगता येईना.