झाकलेली मशीन
नव्या कापडावर गरम इस्त्री फिरली की जो वास सुटतो, त्यानं मला कळमेश्वरच्या शिलाई कारखान्यातला माझा पहिला हिवाळा आठवतो. आम्ही अमेरिकेला जाणारे एप्रन शिवायचो. तिकडे बँका बुडाल्या आणि इकडे आमच्या ऑर्डरी थांबल्या. सुपरवायझर म्हणाले, सगळ्यात शेवटी लागलेलीला काढावं लागेल. ती मी होते आणि घर माझ्याच पगारावर चालत होतं. मग आमच्यातली सगळ्यात जुनी बाई उठली, तिनं स्वतःच्या मशीनवर कव्हर घातलं आणि म्हणाली, "हिले काहून काढून राहिले साहेब? आज मी घरी राहते, उद्या दुसरी कोणी. पाळीपाळीनं बसू आमी." मला रडू फुटलं, तर माझ्यावरच खेकसली, "रडून काय राहिली वं? शिलाई वाकडी जाईन!" ऑर्डरी परत येईपर्यंत रोज एक मशीन झाकलेली असायची, आणि माझी घरी बसायची पाळी आली की तीच पुन्हा घरी राहायची. आता ती नाही. परवा अमेरिकेनं आपल्या मालावरचा कर वाढवल्याची बातमी आली आणि ऑर्डरी पुन्हा थांबल्या. आज सकाळी त्याच वासात, शेजारच्या नव्या मुलीला काही कळायच्या आत, मी माझ्या मशीनवर कव्हर घातलं.